हरवलेली अक्षरे : सीरियल पोर्टवरील गळतीचा शोध



समजा, तुमच्या शाळेच्या गच्चीवर तापमान मोजणारे एक उपकरण बसवले आहे. दर मिनिटाला ते आपले वाचन एका तारेवरून खाली प्रयोगशाळेतील संगणकाकडे पाठवते. दुपारी तीन वाजता त्याने २७.४५ ही संख्या पाठवली. म्हणजे पाच अक्षरे झाली : दोन, सात, दशांशचिन्ह, चार आणि पाच. यांतील एकच अक्षर वाटेत हरवले, तर संगणकात काय नोंदले जाईल ते पाहा.

पहिले हरवले तर ७.४५
दुसरे हरवले तर २.४५
तिसरे हरवले तर २७४५
चौथे हरवले तर २७.५
पाचवे हरवले तर २७.४

२७४५ अंश पाहून कोणीही म्हणेल की काहीतरी बिघडले आहे. भर दुपारी ७.४५ किंवा २.४५ अंश हेही खटकेल. पण २७.५ आणि २७.४ यांचे काय? त्या संख्या वहीत निमूटपणे जाऊन बसतील. महिन्याच्या अखेरीस तुम्ही आलेख काढाल, सरासरी काढाल आणि तिच्यावरून निष्कर्षही लिहाल. हरवलेले अक्षर आपण हरवल्याची वर्दी देत नाही, हीच या प्रश्नातील खरी अडचण आहे.

अशी गळती कुठे होते, ती कशी ओळखायची आणि कशी थांबवायची, हे आपण या लेखात पाहू. आपला संगणक लिनक्स किंवा फ्रीबीएसडी यांसारख्या युनिक्स घराण्यातील कार्यप्रणालीवर चालतो असे धरू. आज्ञांची नावे लेखात उच्चाराप्रमाणे दिली आहेत. संगणकावर ती रोमन लिपीतच टंकावी लागतात.

एका वेळी एक बिट

सीरियल पोर्ट म्हणजे संगणकाचे असे द्वार, की ज्यातून माहितीचे बिट एकामागून एक, एकाच तारेवरून ये-जा करतात. त्यासाठीचे आरएस-२३२ हे मानक अमेरिकेत १९६० मध्ये आले. आज बहुतेक नव्या लॅपटॉपवर नऊ टाचण्यांचे ते जुने द्वार दिसत नाही. पण यूएसबीला जोडायचे छोटे रूपांतरक सर्वत्र मिळतात. आर्डुइनोसारखे फलक, जीपीएस ग्राहक, प्रयोगशाळेतील वजनकाटे अशी कितीतरी उपकरणे अजून याच पद्धतीने बोलतात.

एक अक्षर पाठवण्यासाठी साधारणपणे १० बिट लागतात. प्रथम एक आरंभ-बिट, मग अक्षराचे ८ बिट आणि शेवटी एक विराम-बिट. वेग दर सेकंदाला ९६०० बिट असेल, तर सेकंदाला ९६० अक्षरे येतील. म्हणजे एका अक्षराला १.०४ मिलिसेकंद लागतात. वेग ११५२०० असेल, तर सेकंदाला ११५२० अक्षरे येतील आणि एका अक्षराला केवळ ८६.८ मायक्रोसेकंद मिळतील.

हा आकडा ध्यानात ठेवा, कारण पुढचे सारे गणित यावर उभे आहे. उपकरण आपल्या गतीने अक्षरे सोडत राहते. संगणक कामात आहे की मोकळा, हे त्याला आपोआप कळत नाही.

नळ, तांब्या, बादली आणि पिंप

आलेले अक्षर तुमच्या प्रोग्रॅमपर्यंत कसे पोचते? घरातील पाणी भरण्याचे उदाहरण घेऊ. नळ चालू आहे. नळाखाली तांब्या आहे. तांब्या भरत आला की एक जण तो बादलीत ओततो. बादली भरत आली की दुसरा ती पिंपात ओततो. आणि घरातील मंडळी पिंपातून पाणी वापरतात.

संगणकात तांब्याच्या जागी यूएआरटी नावाची चिप असते. ती तारेवरचे बिट जुळवून अक्षर तयार करते आणि प्रोसेसरला इंटरप्ट म्हणजे ‘इकडे लक्ष द्या’ असा इशारा देते. बादली म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्यातील चालकाची, म्हणजे ड्रायव्हरची, साठवण. पिंप म्हणजे टीटीवाय नावाच्या थराची रांग. तुमचा प्रोग्रॅम या रांगेतून अक्षरे वाचतो.

पाणी सांडेल ते या तीन ठिकाणी. कोणते भांडे सांडले, त्यावर दोष कोणाचा हे ठरते. फ्रीबीएसडीच्या जुन्या ‘एसआयओ’ चालकाने तर तिन्हींसाठी तीन वेगळे संदेश ठेवले होते. चिप भरून वाहिली तर तो ‘सायलो ओव्हरफ्लो’ म्हणे. सायलो म्हणजे धान्याची कोठी. याचा अर्थ इंटरप्टची दखल वेळेत घेतली गेली नाही. दुसऱ्या संदेशात इंटरप्ट-पातळीची साठवण भरल्याचे कळे. याचा अर्थ चालकाचा पुढचा भाग मागे पडला. तिसऱ्या संदेशात टीटीवाय-पातळीची साठवण भरल्याचे कळे. याचा अर्थ प्रोग्रॅमच पुरेशा वेगाने वाचत नव्हता. तो चालक आता मागे पडला असला, तरी त्याने केलेली ही विभागणी आजही जशीच्या तशी उपयोगी आहे.

तांब्या केवढा?

१९८१ च्या आयबीएम पीसीमध्ये ८२५० ही चिप असे. तिच्यात तयार झालेले एकच अक्षर थांबू शके. पुढचे अक्षर पूर्ण होण्याआधी पहिले उचलले नाही, तर नवे अक्षर त्याच्यावर लिहिले जाई आणि जुने नष्ट होई. याला ओव्हररन म्हणतात. ११५२०० या वेगाला अक्षर उचलण्यासाठी ८६.८ मायक्रोसेकंदच मिळत.

पुढे आलेल्या १६५५०ए या चिपमध्ये १६ अक्षरांची रांग आहे. तिला फिफो म्हणतात, म्हणजे जो आधी आला तो आधी बाहेर. रांगेत १, ४, ८ किंवा १४ अक्षरे जमली की इशारा द्यावा, असे या चिपला सांगता येते. समजा आपण १४ ही खूण ठेवली. इशारा दिल्यावर रांगेत दोन जागा उरतात आणि तिसरे अक्षर पूर्ण झाले की ओव्हररन होतो. म्हणजे सवड ३ × ८६.८ = सुमारे २६० मायक्रोसेकंद. खूण ८ ठेवली तर सवड ९ × ८६.८ = सुमारे ७८१ मायक्रोसेकंद. लिनक्स या चिपसाठी ८ हीच खूण वापरतो. खूण खाली आणली की सवड वाढते, पण इशारेही जास्त द्यावे लागतात. दोन्ही गोष्टी एकदम मिळत नाहीत.

येथे एक बारकावा आहे. ८२५० मध्ये ओव्हररन झाला की आधीचे अक्षर जाते. १६५५०ए ची रांग भरली की आधीची सोळा अक्षरे सुरक्षित राहतात आणि नंतर येणारे अक्षर जाते.

आधी मोजा

काही वेळा काहीच हरवलेले नसते. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याची समजूत चुकलेली असते. युनिक्समधील ‘रीड’ ही क्रिया एका हाकेत पूर्ण ओळ देईलच असे नाही. त्या क्षणी रांगेत असेल तेवढेच ती देते आणि किती बाइट दिले तो आकडा सांगते. ‘२७.’ पहिल्या हाकेत आणि ‘४५’ दुसऱ्या हाकेत येऊ शकते. प्रत्येक हाक म्हणजे एक वाचन असे मानणारा प्रोग्रॅम येथे फसतो. म्हणून ओळ संपल्याची खूण दिसेपर्यंत तुकडे जोडत राहावे.

खरोखर गळती आहे का, हे पाहण्यासाठी ज्याचा मजकूर आधीच ठाऊक आहे अशी गोष्ट पाठवावी. ‘सेक’ ही आज्ञा १ ते १०००० हे अंक एकेका ओळीवर छापते. त्यात किती बाइट होतात ते हाताने काढू. प्रत्येक ओळीला ओळसमाप्तीचा एक बाइट धरायचा.

१ ते ९ : ९ × २ = १८
१० ते ९९ : ९० × ३ = २७०
१०० ते ९९९ : ९०० × ४ = ३६००
१००० ते ९९९९ : ९००० × ५ = ४५०००
१०००० : ६
एकूण ४८८९४

एका संगणकाने ही यादी पाठवावी आणि दुसऱ्याने ती ‘कॅट’ आज्ञेने फाइलमध्ये साठवावी. मग ‘डब्ल्यूसी’ आज्ञेने बाइट मोजावे. ४८८९४ आले नाहीत, तर गळती आहे हे नक्की. ‘डिफ’ आज्ञेने मूळ यादीशी तुलना केली की कोणत्या ओळी बिघडल्या तेही दिसते. वैद्य जसा आधी लक्षणे पाहतो, तसे आता या बिघडलेल्या ओळींकडे पाहायचे.

लक्षण पहिले : ठराविक बाइटच गायब

मजकूर नीट येतो, पण चित्राची किंवा मापनाची द्विमान फाइल पाठवली की बाइट कमी भरतात, आणि दर वेळी तेच ते भरतात. असे असेल तर चिपला दोष देऊ नका. दोष पोर्टच्या मांडणीत आहे. तो समजण्यासाठी थोडा इतिहास पाहू.

केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत युनिक्सचे काम सुरू केले, तेव्हा संगणकाशी बोलण्याचे साधन म्हणजे टेलिटाइप हा दूरमुद्रक होता. टीटीवाय हे नाव त्यावरूनच पडले. मॉडेल ३३ हा प्रसिद्ध दूरमुद्रक सेकंदाला १० अक्षरे छापत असे. त्याच्यापुढे माणूस बसलेला असे. तो चुकीचे अक्षर खोडणार, चालू काम थांबवणार, ओळ पूर्ण झाली की कळ दाबणार. टीटीवाय थराने ही सर्व सेवा करायची असे ठरले आणि १९९१ मध्ये आलेल्या लिनक्सनेही तीच पद्धत उचलली.

परिणाम असा की, नवा उघडलेला सीरियल पोर्ट आजही पलीकडे माणूस बसला आहे असे समजून वागू शकतो. मग काय होते ते पाहा.

बाइट १७ आणि १९ : ‘चालू करा’ आणि ‘थांबा’ अशा आज्ञा समजून गिळले जातात. १९ आला तर आपले पाठवणेही थांबते.
बाइट १३ : बदलून १० होतो.
बाइट ३ : काम थांबवण्याची आज्ञा ठरते आणि रांगेत थांबलेला मजकूरही टाकून दिला जातो.
बाइट ४ : मजकूर संपल्याची खूण ठरते.
बाइट २१ : आतापर्यंतची सारी ओळ पुसली जाते.
बाइट १२७ : आधीचे एक अक्षर खोडले जाते.

शिवाय ओळीओळीने वाचण्याच्या या पद्धतीत लिनक्स एका ओळीत ४०९६ पर्यंतच अक्षरे ठेवतो. ओळ त्याहून लांब झाली की वरची अक्षरे टाकून दिली जातात.

उपाय सोपा आहे. ‘एस-टी-टी-वाय’ या आज्ञेने पोर्टला ‘रॉ’ म्हणजे कच्च्या पद्धतीत ठेवावे आणि ‘एको’ बंद करावा. एको बंद करणे महत्त्वाचे आहे. तो चालू राहिला तर आलेले प्रत्येक अक्षर संगणक परत पाठवतो. पलीकडचाही तसेच करीत असेल, तर एकच अक्षर दोघांमध्ये चेंडूसारखे फिरत राहते. चाचणी घेताना ० ते २५५ असे सर्व बाइट पाठवावेत. नुसत्या अंकांच्या यादीत हा दोष कधीच दिसणार नाही.

लक्षण दुसरे : अक्षरे भलतीच येतात

अक्षरे येतात, पण भलतीच. येथे दोन्ही टोकांची घड्याळे जुळत नाहीत. ग्राहक आरंभ-बिटाची कड पाहून आपले घड्याळ सुरू करतो आणि प्रत्येक बिटाच्या मध्यावर त्याचे मूल्य वाचतो. विराम-बिटाचा मध्य ९.५ बिटांनंतर येतो. तोवर अर्ध्या बिटापेक्षा जास्त चूक साठली, तर शेजारचाच बिट वाचला जाईल. म्हणून दोन्ही घड्याळांतील फरक ०.५ ÷ ९.५, म्हणजे सुमारे ५.३ टक्क्यांच्या आत हवा. प्रत्यक्षात आरंभाची कड अचूक सापडत नाही, त्यामुळे तो त्याहूनही कमी असावा लागतो.

पीसीमधील चिप १.८४३२ मेगाहर्ट्झच्या स्फटिकावर चाले. त्याला १६ ने भागले की बरोबर ११५२०० येतात, आणि त्याला १२ ने भागले की ९६००. आर्डुइनो ऊनोचे घड्याळ १६ मेगाहर्ट्झचे आहे. त्याला १६ ने आणि मग ९ ने भागले तर १११११ च्या दसपट, म्हणजे सुमारे ११११११ येतात. ही चूक ३.५ टक्के झाली. ८ ने आणि मग १७ ने भागले तर ११७६४७ येतात. ही चूक २.१ टक्के. ११५२०० नेमके कोणत्याच मार्गाने येत नाहीत. अशा वेळी कमी वेग निवडणे शहाणपणाचे.

विराम-बिटाच्या जागी भलताच बिट दिसला की चिप फ्रेमिंग दोष नोंदवते. सदोष अक्षरे दुर्लक्षित करण्याची मांडणी चालू असेल, तर अशी अक्षरे मुकाट्याने टाकली जातात. मग ‘बिघाड’ हा ‘गळती’च्या वेषात दिसतो. म्हणून मांडणी तपासणे येथेही आवश्यक आहे.

लक्षण तिसरे : अधूनमधून एखादे-दुसरे अक्षर

कधी ‘४३१७’ च्या जागी ‘४३७’, कधी तासभर काहीच नाही. वेग वाढवला की हे वाढते. डिस्कवर मोठी फाइल लिहिली जात असताना तर फारच वाढते. हे चिपमधील ओव्हररनचे लक्षण आहे.

त्याचा पुरावा मिळतो. लिनक्सवर पीसीच्या मूळ पोर्टांसाठी ‘/प्रॉक/टीटीवाय/ड्रायव्हर/सीरियल’ ही फाइल रूटच्या अधिकाराने वाचावी. तीत चिपचे नाव, किती बाइट गेले, किती आले हे असते. दोष झाले असतील तर त्यांची मोजणीही असते. ‘ओई’ म्हणजे ओव्हररन, ‘एफई’ म्हणजे फ्रेमिंग दोष आणि ‘पीई’ म्हणजे समता-बिटाचा दोष. चाचणीआधी आणि चाचणीनंतर हे आकडे लिहून घ्या. ‘ओई’ वाढला असेल, तर तांब्या सांडला. मग प्रोग्रॅम कितीही सुधारला तरी फरक पडणार नाही, कारण ते अक्षर प्रोग्रॅमपर्यंत कधी पोचलेच नव्हते.

१९९० च्या दशकात पीसीवर लिनक्स चालवणाऱ्यांना याचा पुष्कळ अनुभव येई. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कचा चालक डिस्कशी देवघेव करताना इतर सर्व इशारे रोखून धरत असे. तेवढ्यात सीरियल चिप भरून जाई. ‘एचडीपार्म’ या आज्ञेने डिस्कच्या कामात इतर इशाऱ्यांना वाट मोकळी करून दिली की गळती थांबे. दोष डिस्कच्या चालकात आणि लक्षण सीरियल पोर्टवर, असा तो प्रकार होता.

अलीकडचे उदाहरण रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाचे आहे. त्यात दोन प्रकारच्या यूएआरटी असतात. एक पूर्ण क्षमतेची पीएल०११ आणि दुसरी लहान, मिनी यूएआरटी. २०१६ च्या रास्पबेरी पाय ३ पासून ब्लूटूथ असलेल्या अनेक फलकांवर पीएल०११ ब्लूटूथला दिली गेली आणि बाहेरच्या टाचण्यांवर मिनी यूएआरटी आली. हिची रांग लहान आहे, ती फ्रेमिंग दोष ओळखत नाही आणि तिचा वेग फलकाच्या मुख्य घड्याळाशी बांधलेला आहे. त्यामुळे मोठ्या वेगाला तिच्यावर अक्षरे हरवण्याची शक्यता जास्त. मांडणी बदलून पीएल०११ बाहेरच्या टाचण्यांवर घेता येते.

लक्षण चौथे : मोठे तुकडे गायब

शेकडो ओळी सलग नाहीत, आणि त्यापुढे सर्व काही व्यवस्थित. ‘ओई’ चा आकडाही हललेला नाही. येथे पिंप सांडले. लिनक्समधील टीटीवायची रांग ४०९६ बाइटांची आहे. ११५२०० या वेगाला ती ०.३६ सेकंदात भरते. तिच्यामागे आणखी साठवण असते, पण तीही अमर्याद नाही. तुमचा प्रोग्रॅम प्रत्येक वाचनानंतर आलेख काढत बसला, पडद्यावर लिहीत बसला किंवा झोपी गेला, तर मागे लोंढा साचणारच. उपाय असा की, एका भागाने फक्त वाचावे आणि मोठ्या साठवणीत टाकावे. बाकीचे काम दुसऱ्या भागाने सावकाश करावे.

शेवटची काही अक्षरेच नेहमी गायब असतील, तर पाठवणाऱ्याकडे पाहा. लिहून होताच त्याने पोर्टची मांडणी बदलली किंवा रांग पुसली, तर तारेवर न गेलेली अक्षरे नष्ट होतात. आधी सर्व अक्षरे बाहेर पडेपर्यंत थांबावे. त्यासाठी ‘टीसी-ड्रेन’ ही क्रिया आहे.

लक्षण पाचवे : वाटणी झालेली अक्षरे

काही अक्षरे येतात, काही येत नाहीत आणि सर्व मोजण्या स्वच्छ आहेत. तेव्हा संशय घ्यावा, की दुसराच एखादा प्रोग्रॅम त्याच पोर्टमधून वाचत आहे. युनिक्समध्ये एक पोर्ट दोघे उघडू शकतात आणि ज्याने आधी वाचले त्याला ते अक्षर मिळते. प्रत्येकाला प्रत मिळत नाही. नवे उपकरण दिसताच ते मोडेम आहे का, हे तपासणारा एखादा सेवा-प्रोग्रॅम किंवा पोर्टवर प्रवेशनाम विचारणारा ‘गेटी’ असा वाटेकरी असू शकतो. ‘फ्यूजर’ किंवा ‘एलएसओएफ’ ही आज्ञा पोर्ट कोणी कोणी उघडले आहे ते सांगते.

नळ बंद करण्याची सोय

पिंप भरत आले की नळ बंद करावा, हे कोणीही सांगेल. सीरियल पोर्टवर याला प्रवाह-नियंत्रण म्हणतात. ते दोन तऱ्हांनी होते. पहिल्या तऱ्हेत आरटीएस आणि सीटीएस अशा दोन जादा तारा असतात. ग्राहकाने आपली तार खाली पाडली की पाठवणारा थांबतो. दुसऱ्या तऱ्हेत जादा तारा नसतात. १९ हा बाइट पाठवून ‘थांब’ आणि १७ पाठवून ‘चालू कर’ असे सांगतात. अर्थात, माहितीतच हे बाइट येणार असतील तर ही तऱ्हा चालणार नाही.

मात्र एक गोष्ट नीट समजून घ्या. साध्या १६५५०ए चिपवर आरटीएस तार खाली पाडण्याचे काम चालकच करतो. पिंप भरत आले हे त्याला दिसते, म्हणून पिंप सांडणे टळते. पण इशाऱ्याची दखल घ्यायलाच त्याला उशीर झाला, तर तार खाली पाडायलाही उशीर होणारच. म्हणून तांब्या सांडत असेल, तर नुसत्या प्रवाह-नियंत्रणाने गळती पूर्णपणे थांबत नाही. काही नव्या चिपा रांग भरत आली की तार स्वतःच खाली पाडतात. त्यांच्यावर हा प्रश्न राहत नाही.

तरीही एखादे हरवलेच तर?

लेखाच्या आरंभीचा प्रश्न आठवा. २७.५ ही संख्या खोटी आहे हे कसे ओळखायचे? समता-बिट येथे कामाचा नाही. एका अक्षरातील एखादा बिट बदलला तर तो सांगेल. पण अक्षरच आले नाही, तर त्याचा समता-बिटही आलेला नसतो.

म्हणून प्रत्येक ओळीला ताळा जोडतात. जीपीएस ग्राहकांच्या एनएमईए पद्धतीत असेच करतात. ओळीतील अक्षरांच्या संकेतांकांची ‘एक्सॉर’ बेरीज करायची. म्हणजे द्विमान अंक एकाखाली एक मांडायचे, सारखे असतील तर ०, वेगळे असतील तर १ लिहायचा आणि हातचा घ्यायचा नाही. आपली संख्या घेऊ. तारेवर रोमन अंक जातात. त्यांचे आस्की संकेतांक अनुक्रमे ५०, ५५, ४६, ५२ आणि ५३ आहेत.

५० आणि ५५ यांचे उत्तर ५
५ आणि ४६ यांचे ४३
४३ आणि ५२ यांचे ३१
३१ आणि ५३ यांचे ४२

उपकरणाने २७.४५ बरोबर ४२ हा ताळाही पाठवला. वाटेत चार हा अंक हरवला, तर संगणक उरलेल्या अक्षरांचा ताळा काढील आणि त्याला ३० मिळतील. ४२ आणि ३० जुळत नाहीत. ती ओळ टाकून द्यावी आणि टाकल्याची नोंद ठेवावी. वहीत एक रिकामी जागा राहील. पण खोट्या वाचनापेक्षा रिकामी जागा केव्हाही बरी, कारण ती निदान खरे बोलते.

हा ताळाही सर्वशक्तिमान नाही. दोन सारखीच अक्षरे हरवली किंवा दोन अक्षरांची अदलाबदल झाली, तर तो फसतो. म्हणून महत्त्वाच्या कामात याहून कडक ताळे वापरतात. शिवाय प्रत्येक ओळीला क्रमांक द्यावा. म्हणजे संपूर्ण ओळ गेली तरी क्रमांकातील खंड लक्षात येतो.

करून पाहा

यूएसबी-सीरियल रूपांतरकाची पाठवण्याची आणि घेण्याची टाचणी एकमेकींना जोडा. नऊ टाचण्यांच्या द्वारात त्या २ आणि ३ क्रमांकाच्या असतात. पोर्ट कच्च्या पद्धतीत ठेवा आणि एको बंद करा. प्रथम ‘कॅट’ सुरू करा आणि मग १०००० अंकांची यादी पाठवा. संगणक स्वतःशीच बोलेल. ४८८९४ बाइट परत आले का ते मोजा. नंतर कच्ची पद्धत बंद करून, पण एको बंदच ठेवून, सर्व २५६ बाइट पाठवा आणि कोणते परत आले नाहीत त्यांची यादी करा. एक सूचना : आरएस-२३२ च्या तारेवर उणे आणि अधिक १२ व्होल्टपर्यंत दाब असू शकतो. ती आर्डुइनोच्या किंवा रास्पबेरी पायच्या टाचणीला थेट जोडू नका. फलक जळेल.

सोडवून पाहा

१. जीपीएस ग्राहक ४८०० या वेगाने बोलतो आणि त्याची ओळ जास्तीत जास्त ८२ अक्षरांची असते. अशी एक ओळ यायला किती वेळ लागेल? एका सेकंदात अशा किती पूर्ण ओळी येतील?

२. १६५५०ए मध्ये इशाऱ्याची खूण ४ ठेवली आणि वेग ११५२०० असेल, तर ओव्हररन होण्यापूर्वी किती सवड मिळेल?

३. २७.४५ च्या जागी ७२.४५ अशी अदलाबदल झाली, तर एक्सॉर ताळा किती येईल?

उत्तरे : १. सुमारे ०.१७ सेकंद, ५ ओळी. २. १३ × ८६.८ म्हणजे सुमारे १.१३ मिलिसेकंद. ३. ४२ च, म्हणून ही चूक ताळ्याला कळणार नाही.